रक्ताचे नाते आणि रक्ताचा अहवाल

रक्त, लघवी, थुंकी इत्यादी नमुने तपासून त्यांतून निघालेले आकडे डॉक्टरांपर्यंत पोहोचवणारी जागा म्हणजे वैद्यकीय प्रयोगशाळा, आणि ते आकडे डॉक्टर व रुग्ण यांच्याखेरीज तिसऱ्या कोणाच्या कानी जाऊ नयेत म्हणून घ्यावयाची काळजी म्हणजे अहवालांची गोपनीयता, असे स्थूलमानाने म्हणता येईल. या व्याख्येत खोट काढण्यासारखे काही नाही. तिच्यातील ‘तिसरा कोणी’ हा परका असतो, एवढे मात्र तिने परस्पर गृहीत धरले आहे. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील ताडकळस या गावी, जेथे पोलीस ठाणे आहे, प्राथमिक आरोग्य केंद्र आहे आणि आसपासच्या खेड्यांतील माणसांची कामानिमित्त सतत ये-जा आहे, तेथे परका माणूस मिळणेच मुळात कठीण असल्यामुळे व्याख्येची पंचाईत होते. तेथे तिसरा कोणी म्हणजे चुलता, साडू, व्याही, शेजारी, शेताचा बांध लागून असलेला भाऊबंद किंवा निदान मामाच्या गावचा पाहुणा. आणि ज्याचे कोणाशीच नाते लागत नाही असा इसम बाकावर येऊन बसलाच, तर रक्त काढून होण्याआधी कोणीतरी त्याचे नाते लावून देतेच.

कायद्याची समजूत अशी दिसते की रुग्णाची माहिती लोभाने, वैराने किंवा निष्काळजीपणाने फुटते. लहान गावात ती बहुतेक वेळा आपुलकीने फुटते, आणि आपुलकीविरुद्ध तक्रार नोंदवण्याची सोय कोणत्याच ठाण्यात नसते. मुंबईत रुग्णाची माहिती कोणी विचारत नाही म्हणून ती आपोआप गुप्त राहते. ताडकळसला ती सगळे विचारतात आणि तरीही ती गुप्त ठेवावी लागते. या दोहोंपैकी खरे कर्तृत्व दुसऱ्या प्रकारात आहे, परंतु गोपनीयतेवरचे ग्रंथ पहिल्या प्रकारच्या शहरांत बसून लिहिले जातात.

वैद्याने तोंड बंद ठेवावे ही अपेक्षा काही विलायतेतून आलेली नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शिष्याला दीक्षा देताना गुरूने सांगावयाचे नियम आहेत, आणि त्यांत रुग्णाच्या घरात ओळखीच्या माणसाबरोबर, परवानगीने प्रवेश करावा, तेथे गेल्यावर लक्ष रुग्णाखेरीज इतरत्र जाऊ देऊ नये आणि त्या घरातील गोष्टी बाहेर बोलू नयेत, असे स्पष्ट बजावले आहे. ग्रीक परंपरेत हिपोक्रॅटिसच्या नावाने चालत आलेल्या शपथेतही हेच बंधन आहे. फरक इतकाच पडला की चरकांचा वैद्य रुग्णाच्या घरी जात असे, तर आजच्या प्रयोगशाळेत रुग्णाचे घर येते: एकाचे रक्त काढायचे असेल तर सोबत चार जण असतात, आणि सुई टोचली जात असताना रुग्णाच्या चेहऱ्याकडे दोघे व शेजारच्या टेबलावरील वहीकडे दोघे पाहत असतात, अशी कामाची वाटणीही कोणी न सांगता होते.

प्रयोगशाळेच्या कामाचे शास्त्रात तीन टप्पे मानतात: नमुना तपासणीला लागण्यापूर्वीचा, प्रत्यक्ष तपासणीचा आणि अहवाल हाती पडण्यापर्यंतचा. त्यांपैकी मधला टप्पा यंत्राच्या ताब्यात असल्यामुळे पूर्ण गोपनीय असतो, कारण यंत्राला नातेवाईक नसतात. माहितीची गळती होते ती पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्यांत, आणि पहिला टप्पा तर प्रयोगशाळेचा उंबरा ओलांडण्याआधीच सुरू झालेला असतो. रक्तातील साखर उपाशीपोटी तपासायची असते, हे ज्ञान आता सार्वत्रिक झाले आहे. त्यामुळे सकाळच्या प्रहरी हॉटेलसमोरून जाणाऱ्या माणसाला कोणी ‘या, चहा घ्या’ म्हटले आणि त्याने ‘नगं, आज राहू द्या’ असे उत्तर दिले, की एवढ्या पुराव्यावर त्याला मधुमेह झाल्याचे निदान तेथल्या तेथे निश्चित होते. तोच माणूस जेवणानंतर दोन तासांनी पुन्हा त्याच रस्त्याने जाताना दिसला, म्हणजे निदानाला पुष्टी मिळते. गावाने दिलेला हा अहवाल यंत्राच्या अहवालाच्या कितीतरी आधी तयार असतो, त्यासाठी रक्ताचा एक थेंबही लागत नाही, आणि यंत्राचा अहवाल उलटा आलाच तर यंत्र जुने झाले असल्याचे सांगण्यात येते.

आत गेल्यावर पहिली गाठ पडते ती मोठ्या वहीशी. या वहीत क्रमांक, नाव, वय, गाव, पाठवणाऱ्या डॉक्टरांचे नाव, तपासणी, रक्कम आणि बाकी असे रकाने ओढलेले असतात, आणि आपले नाव सांगण्याच्या निमित्ताने वहीवर वाकलेला माणूस वरची दहा नावे वाचून मगच सरळ होतो. त्याचे पहिले लक्ष ‘बाकी’ या रकान्याकडे जाते, हे येथे मुद्दाम नोंदवले पाहिजे. आजारापेक्षा उधारी अधिक खासगी असते हे ज्याचे त्याला माहीत असल्यामुळेच कदाचित तो रकाना अधिक वाचनीय वाटत असावा. त्यानंतर येतात नळ्या. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू न देणारे द्रव्य असते आणि ती पेशींच्या मोजणीसाठी किंवा तीन महिन्यांची सरासरी साखर पाहण्यासाठी वापरतात. करड्या झाकणाची नळी साखरेसाठी. आणि लाल किंवा पिवळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू देऊन वरचा पातळ भाग, म्हणजे सीरम, यकृत, मूत्रपिंड आणि निरनिराळ्या संसर्गांच्या तपासण्यांसाठी घेतात. ही माहिती तंत्रज्ञाला पदविकेच्या अभ्यासक्रमात मिळते. बाकावर वारंवार बसणाऱ्या जाणकारांना ती अनुभवाने मिळते, आणि कोणासाठी कोणत्या रंगाची नळी बाहेर निघाली यावरून ते आपसांत नजरेने बोलू लागतात.

सर्वांत बोलकी वस्तू मात्र नळी नसून लघवीसाठी दिलेली प्लास्टिकची डबी होय. नवी सून सासूबरोबर येऊन ही डबी पदराआड धरून आतल्या बाजूला गेली, की बाकावरच्या बायांचे चेहरे उजळतात, आणि चाचणीच्या पट्टीवर दोन रेषा उमटायच्या आत सासूचे अभिनंदन सुरू होते. येथवर सारे हसतमुखाने चालते. हीच डबी एखाद्या अविवाहित मुलीच्या हातात दिसली तर तिचे शिक्षण त्या दिवशी संपू शकते, आणि म्हणूनच वैद्यकीय गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती करताना स्त्रीचे नाव व तपशील, कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज कोणालाही उघड करू नयेत, असे खास कलम घालण्यात आले. ते कलम डॉक्टरांसाठी लिहिले आहे. बाकासाठी वेगळे कलम लिहिणे कोणाला सुचलेले नाही, आणि सुचले असते तरी बाकावर बसणाऱ्यांपैकी कोणी स्वतःला बाकावर बसणारा मानत नसल्यामुळे ते लागू करणे अवघड गेले असते.

अहवाल तयार झाल्यावर नाव पुकारण्याची पद्धत आहे, आणि नावाबरोबर तपासणीही पुकारण्याची त्याहून जुनी पद्धत आहे. ‘अमक्या गावचे तमके, थुंकी’ अशी हाक आली की त्या नावाचा मनुष्य उठण्याआधी शेजारचे दोघे सरकून बसतात. येथून तंत्रज्ञाच्या खऱ्या परीक्षेला प्रारंभ होतो. त्याला दिवसभरात विचारला जाणारा प्रश्न एकच, ‘काय निघालं हो रिपोर्टात?’ हा, परंतु तो विचारणाऱ्यांच्या भूमिका वेगवेगळ्या असतात: कोणी काळजीने विचारतो, कोणी उसने पैसे दिलेले असल्यामुळे विचारतो, कोणी त्या घरात मुलगी द्यायची असल्यामुळे विचारतो, आणि मोठा वर्ग ‘तसं काय नाई, सहजच इचारायलो’ या प्रकारात मोडतो, जो चारही प्रकारांत सर्वाधिक चिवट असतो. तंत्रज्ञ याच गावात राहतो, याच दुकानातून किराणा भरतो, आणि त्याच्याही बहिणीचे लग्न व्हायचे असते, त्यामुळे ‘सांगता येत नाही’ असे सरळ उत्तर तो देऊ शकत नाही. अनुभवी तंत्रज्ञ ‘डॉक्टरसाहेब सांगतील’ हे दोन शब्द अशा सुरात उच्चारतो की विचारणाऱ्याला आपला मानही राहिल्यासारखे वाटावे आणि हातीही काही लागू नये. नवशिका मात्र ‘तसं काही विशेष नाही’ असे म्हणून बसतो, आणि मग ज्याच्याबाबत त्याने असे म्हटले नाही त्या प्रत्येकाला काहीतरी विशेष झाले असल्याचा अर्थ गावात काढला जातो. न बोलणेही सर्वांच्या बाबतीत सारखेच ठेवावे लागते, हा गोपनीयतेतील सर्वांत अवघड धडा आहे आणि तो कोणत्याही अभ्यासक्रमात पुरेसा शिकवला जात नाही.

वैद्यकीय प्रयोगशाळांसाठी आयएसओ १५१८९ या नावाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे, म्हणजे चांगल्या प्रयोगशाळेत काय काय असावे याची सर्वमान्य यादी; २००३ साली ते प्रथम निघाले, २०२२ साली त्याची नवी आवृत्ती आली, आणि भारतात एनएबीएल ही संस्था त्यानुसार प्रयोगशाळांना मान्यता देते. या मानकात गोपनीयतेसाठी स्वतंत्र कलम असून कर्मचारी, समितीचे सदस्य, ठेकेदार, बाहेरच्या संस्थांची माणसे आणि प्रयोगशाळेच्या वतीने काम करणारा प्रत्येक जण त्याने बांधला गेला आहे. मानक करणाऱ्यांची दृष्टी दूरवर पोहोचली, यात शंका नाही. परंतु दिवसातून तीनदा चहा घेऊन येणारा आणि प्रत्येक वेळी यंत्राच्या पडद्यावर काय दिसते ते पाहून जाणारा मुलगा या यादीत कोठेच बसत नाही, मालकाचा मेहुणाही बसत नाही, आणि वीज गेली म्हणून इन्व्हर्टर पाहायला आलेला मित्र तर कोणत्याही मानकाच्या आवाक्याबाहेरचा आहे. शिवाय ही मान्यता ऐच्छिक असल्यामुळे बहुसंख्य लहान प्रयोगशाळा तिच्या वाटेला जात नाहीत. अहवालावर पॅथॉलॉजी या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांचीच सही हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितले. सही खरोखर कोणाची आहे हाही मग काही ठिकाणी एक गोपनीय विषय होऊन बसला.

एक गोष्ट मात्र या व्यवसायात पिढ्यान्‌पिढ्या अशा कसोशीने गुप्त ठेवली जाते की तिच्यापुढे साऱ्या मानकांनी हात जोडावेत, आणि ती म्हणजे ‘कट’. रुग्ण पाठवणाऱ्याला तपासणीच्या रकमेतून जो वाटा पोहोचता केला जातो त्याला हे नाव आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनी, म्हणजे डॉक्टरांच्या वर्तनाच्या नियमांनी, त्याला मनाई केलेली आहे. त्याची नोंद वहीत नसते, तो व्हॉट्सॲपवर जात नाही, बाकावर त्याची चर्चा होत नाही आणि चहावाल्या मुलालाही त्याचा आकडा ठाऊक नसतो. माहिती गुप्त ठेवण्याची क्षमता आपल्या समाजात नाही असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण अभ्यासावे.

कागदाच्या जागी फोन आल्यावर गळतीचे स्वरूप पालटले. आता अहवाल पीडीएफ, म्हणजे कोणत्याही फोनवर जसाच्या तसा दिसणाऱ्या कागदाच्या रूपात, व्हॉट्सॲपवर पाठवतात, आणि तो रुग्णाच्याच क्रमांकावर जावा अशी योग्य अपेक्षा असते. परंतु सत्तरीच्या आजीबाईंना क्रमांक विचारला असता त्या नातवाचा सांगतात, नातू पुण्याला असतो, तो अहवाल वडिलांना पाठवतो, वडिलांना इंग्रजी अक्षरे लागत नाहीत म्हणून ते भावकीच्या ग्रुपवर टाकतात, आणि मग ज्यांच्या आकड्याशेजारी ठळक अक्षरांत ‘कमी’ किंवा ‘जास्त’ छापले आहे अशा सर्व ओळींवर एकवीस जण एकाच वेळी उपाय सुचवू लागतात. पेशी कमी दिसल्या की पपईच्या पानांचा रस आलाच. कोणी नांदेडला डॉक्टर लेनमध्ये दाखवा म्हणतो, कोणी परभणीचे नाव घेतो, आणि दिवेलागणीपर्यंत अहवाल सर्वांना माहीत होतो, आजीबाई सोडून. त्यांना कोणी सांगत नाही, कारण म्हाताऱ्या माणसाला उगाच काळजी नको. रुग्णाची माहिती रुग्णापासूनच संपूर्ण गोपनीय राहिल्याचे हे उदाहरण विद्वानांनी आजवर दुर्लक्षिले आहे.

२०२३ साली संसदेने डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आणि त्याखालचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. माहितीच्या सुरक्षेत कसूर केल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. साखरेच्या तपासणीचे पन्नास-शंभर रुपये घेणारा आणि त्यांतलेही काही ‘बाकी’ रकान्यात लिहिणारा प्रयोगशाळाचालक हा आकडा वाचून घाबरत नाही. तो आकडाच त्याच्या भीतीच्या आवाक्यात येत नाही. पाच हजारांचा दंड असता तर त्याने त्याच संध्याकाळी वहीवर पुठ्ठा टाकला असता.

विनोद ज्या ठिकाणी थांबतो ती जागाही याच विषयात आहे. १९९० च्या दशकात नागालँडच्या आरोग्यसेवेतील एका डॉक्टरने एका रुग्णासाठी चेन्नईच्या एका रुग्णालयात रक्त देऊ केले, तपासणीत एचआयव्हीचा संसर्ग आढळला, ती माहिती बाहेर गेली, ठरलेले लग्न मोडले आणि त्याला नागालँड सोडावे लागले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा १९९८ साली न्यायालयाने गोपनीयतेचे तत्त्व मान्य केले, पण होणाऱ्या पत्नीच्या जिवाचा प्रश्न असल्यामुळे ते येथे निरपवाद लागू होत नाही असे ठरवले. पुढे २०१७ मध्ये एचआयव्ही व एड्सविषयीचा कायदा झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आला. त्यानुसार संमतीवाचून तपासणी करता येत नाही आणि कायद्यात सांगितलेल्या मोजक्या प्रसंगांखेरीज निकाल उघड करता येत नाही. सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रांत आधी समजावून सांगणे, मग रक्त घेणे आणि निकाल एकांतात सांगणे हा क्रम पाळला जातो. तेथील समुपदेशक ज्या खोलीत बसतो तिच्या दारावर मोठ्या अक्षरांत केंद्राचे नाव रंगवलेले असते आणि दार बसस्थानकाइतक्या वर्दळीच्या व्हरांड्यात उघडते, ही शासनाने एकांताला दिलेली जोड आहे. जवळच्या केंद्रात तपासणी करण्याऐवजी लोक दूरच्या जिल्ह्यात का जातात, याचे कारण त्या दारावर वाचता येते.

क्षयरोगाची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे, कारण तो कळवावाच लागतो. २०१२ पासून प्रत्येक क्षयरुग्णाची माहिती शासनाला देणे खासगी डॉक्टर आणि प्रयोगशाळा यांनाही बंधनकारक आहे आणि ती ‘निक्षय’ या संगणकीय प्रणालीत भरली जाते. कळवायचे ते शासनाला. पारावर कळवण्याची तरतूद कोठेही नाही. तथापि रुग्णाला पोषणासाठी मिळणारी मदत, जी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये होती आणि नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली, ती थेट बँक खात्यात जमा होते, आणि पासबुक भरून आणायला ज्या पुतण्याला पाठवलेले असते त्याला वाचता येते. त्याखेरीज दानशूर मंडळींकडून रुग्णांना पोषण आहाराच्या पिशव्या दिल्या जातात आणि देणाऱ्यांचा उत्साह दांडगा असल्यामुळे छायाचित्र काढले जाते. त्या छायाचित्रात मधोमध पिशवी, डावीकडे पाच देणारे, उजवीकडे सात पाहुणे आणि एका कोपऱ्यात रुमालाने तोंड झाकायचा प्रयत्न करणारा रुग्ण असतो. त्याची संमती घेतली होती काय, हा प्रश्न विचारणारा माणूस कार्यक्रमाचा रसभंग करणारा ठरतो.

शहरांतील गळतीचे प्रमाण अर्थातच भव्य असते. डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईतील एका प्रयोगशाळेचे हजारो अहवाल, एचआयव्हीच्या चाचण्यांसह, इंटरनेटवर कोणालाही उघडता येतील अशा स्थितीत सापडले. आणि २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या संगणकांवर हल्ला होऊन सारे कुलूपबंद झाले, तेव्हा देशातील अग्रगण्य रुग्णालय पुढचे कित्येक दिवस कागद, पेन आणि वही यांवर चालले, म्हणजे थोडक्यात ताडकळसच्या पद्धतीवर आले. या दोन्ही प्रकारांत एक दिलासा होता: ज्यांनी माहिती पाहिली त्यांना ती माणसे माहीत नव्हती. लहान गावात फुटलेला एकच आकडा सोयरीक मोडतो, शेतातले सालदाराचे काम घालवतो, पंगतीत पाण्याचा तांब्या वेगळा करतो.

राहता राहिली रद्दी. २००२ च्याच विनियमांनुसार डॉक्टरांनी दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवायच्या असतात. ती मुदत संपली की त्या कशा नष्ट करायच्या याविषयी मात्र व्यवहारात एकच मार्ग रूढ आहे, आणि तो किलोच्या भावाने जातो. अहवालाचा कागद एका बाजूने कोरा, जाड आणि तेल शोषणारा असल्यामुळे भज्यांसाठी त्याला चांगली मागणी असते. पाठीमागे कोणाचे तरी हिमोग्लोबिन साडेसात असताना पुढे मिरचीचे भजे खाणाऱ्या माणसाला ते दिसत नाही असे समजण्याचे कारण नाही. भजी संपल्यावर तो पुडा उलगडून वाचतोच, आणि नाव ओळखीचे निघाले तर दुसरी प्लेट मागवतो.

हे सारे थांबवण्यासाठी कोट्यवधींच्या यंत्रणेची गरज नाही, असे मत मांडणे येथे अवश्य आहे. वहीवर एका नावापुरती फट ठेवलेला पुठ्ठा, हाक मारताना नावाऐवजी क्रमांक, तपासणीचे नाव न छापलेला बंद लिफाफा, अहवाल पाठवण्यापूर्वी ‘हा नंबर तुमचाच का?’ एवढी चौकशी, जुने कागद फाडून किंवा जाळून टाकण्याची शिस्त आणि टेबलापासून दोन हात लांब सरकवलेला बाक: एवढ्यावर ताडकळसची कोणतीही प्रयोगशाळा मुंबईच्या पुढे जाऊ शकेल, आणि यांतल्या बाकाला तर सरकवण्यापलीकडे खर्चही नाही. अडचण फक्त अशी की बाक सरकवला म्हणजे त्यावर बसणारे ‘कामून सरकवला?’ असे विचारतात, आणि तंत्रज्ञाला त्याचेही उत्तर द्यावे लागते.

रुग्णाने स्वतःच्या नोंदी मागितल्या तर त्या ७२ तासांच्या आत दिल्या पाहिजेत, असे २००२ चे विनियम सांगतात. त्याच्या शेजाऱ्याला त्या देण्याची मुदत मात्र त्यांत कोठेही नेमून दिलेली नाही, कारण तो हक्कच त्याला नाही; तेव्हा पुढच्या वेळी बाकावर बसल्यावर वाचकांनी आपल्याच क्रमांकाची वाट पाहावी.